ताईची जागा

दर वर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. कुणी मराठीत विचारतो, "मॅडम, पोरीला सायन्सला घालू की कॉमर्सला?" कुणी कन्नडमध्ये, "मगळिगे एन् ओदसोदु, मॅडम?" प्रश्न एकच. वीसेक वर्षे अर्थशास्त्र शिकवल्यामुळे माझ्याजवळ उत्तरेही तयार असतात. मुलांचा कल बघा, खर्चाचा अंदाज घ्या, शेजाऱ्याच्या मुलाकडे बघून ठरवू नका. लोक मान हलवतात, चहा घेतात आणि जातात. दुसऱ्याच्या मुलांबद्दल शहाणपण सांगायला काहीच लागत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मात्र हाच प्रश्न माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातून आला, आणि माझी सगळी तयार उत्तरे पिशवीतच राहिली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती बडोद्याला गेली त्याला आता पंचवीसेक वर्षे होत आली. दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात दाजींच्या वाटणीला आलेल्या तीन खोल्या, दाजी बँकेत हेड कॅशिअर, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. तिने बारावी सायन्स केले, 'नीट' दिली. निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "एमबीबीएसला नाही लागायची, पण डेंटलला खासगीत जागा मिळेल. आणि ही म्हणते, मला सीए व्हायचंय. तू ये. तुझं ऐकेल ती."

'तुझं ऐकेल' म्हणजे काय, हे मला बरोबर कळले. मला बोलावणे आले होते ते वकीलपत्र घ्यायला.

म्हैसूरहून अजमेरला जाणारी गाडी आपल्या बेळगाववरूनच जाते, त्यामुळे गाडी बदलायची कटकट नाही. दोन किलो कुंदा घेऊन मी निघाले. वाटेत ताईची बाजू मनात घोळवत होते, आणि खरे सांगते, ती मला पटतही होती. डॉक्टर म्हणजे डॉक्टर, दातांचा का असेना. मुलगी कुठेही गेली तरी स्वतःचा दवाखाना थाटू शकते. नवऱ्याची बदली झाली, सासर बदलले, तरी हातातले कसब कुणी काढून घेत नाही. आपल्या बेळगावात केएलईचे डेंटल कॉलेज १९८५ पासून आहे. तिथून शिकून गेलेल्या कितीतरी मुली आज छोट्या गावांतून दवाखाने चालवताना मी पाहिल्या आहेत. मुलींसाठी याहून चांगला व्यवसाय कोणता, असे मी स्वतःच कितीदा तरी बोलले असेन.

बडोद्याला पोचले त्या रात्री जेवणे झाल्यावर दाजींनी एक वही काढली. कॅशिअरची वही, अक्षर मोत्यासारखे. "तुम्ही अर्थशास्त्रवाल्या. जरा नजर घाला," म्हणाले.

डेंटलला पाच वर्षे, त्यात शेवटी इंटर्नशिप. त्यांनी चौकशी केलेल्या कॉलेजची फी वर्षाला पाच लाखांच्या घरात. हॉस्टेल-खाणे वेगळे. म्हणजे धरून चालायचे वीस लाख. दाजींच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. वीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता होतो साडेसव्वीस हजारांच्या आसपास. शिवाय शिक्षण चालू असतानाचे व्याज चढत जाणार ते निराळेच. हे सगळे झाल्यावर मुलगी बीडीएस होणार. पुढे एमडीएस करायचे तर आणखी तीन वर्षे. नाहीतर दवाखाना, म्हणजे जागेची पागडी किंवा भाडे, रुग्णाची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारे निर्जंतुक करायचे यंत्र. या सगळ्याच्या खाली दाजींनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते : 'घर तारण?'

दुसऱ्या पानावर सीएचा हिशेब होता, तो अर्ध्या पानातच संपला होता. तिन्ही पायऱ्यांच्या नोंदण्या आणि परीक्षा धरून संस्थेची फी लाखाच्या आत. क्लास लावले तर त्यांचे वेगळे. नव्या नियमाप्रमाणे दोन वर्षे आर्टिकलशिप, त्यात थोडे का होईना विद्यावेतन.

"मग प्रश्न कुठे आहे?" मी विचारले.

दाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि वही मिटली.

दोन पाने शेजारी ठेवून निवाडा करायला मात्र मी तयार नव्हते. स्वस्त ते चांगले, असे असते तर माझा विषय शिकवायला पाच मिनिटे पुरली असती. सीएची फी कमी आहे, पण तिथे वर्षांची किंमत मोजावी लागते. शेवटच्या परीक्षेला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्या शंभर मुलांत वीससुद्धा पास होत नाहीत, अशी अलीकडच्या बहुतेक परीक्षांची गत आहे. प्रत्येक विषयात चाळीस आणि एकूण पन्नास टक्के, एका विषयात घसरले की ग्रुप गेला. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षापर्यंत 'अजून एक अटेम्प्ट' म्हणत बसलेली मुले आमच्या बेळगावात गल्लीगल्लीत आहेत. डेंटलला एकदा शिरलेली मुलगी बहुधा पदवी घेऊनच बाहेर पडते. सीएच्या दारातून शिरणे सोपे, पण बाहेर पडायचे दार फार अरुंद.

दुसऱ्या दिवशी मी बेळगावातल्या माझ्या एका मैत्रिणीला फोन केला. तिचा स्वतःचा दातांचा दवाखाना आहे. ती म्हणाली, "पहिली पाच वर्षे मी खुर्चीचे हप्ते भरले आणि त्याच खुर्चीत बसून पेशंटची वाट बघितली. आज मला कुणी विचारले, तर पुन्हा हेच करीन म्हणेन. ठणकत आलेला माणूस अर्ध्या तासात हसत जातो, हे सुख दुसऱ्या कशात नाही. पण जिला मनापासून हे करायचे नाही, तिला पाठवू नका गं. हे हाताचे काम आहे, मन नसले की हात लगेच सांगतो."

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू काका खाली आले. मूळचे मंगळूरकडचे. आयुष्य विजया बँकेत गेले. १९३१ साली मंगळुरात सुरू झालेली ही बँक, देना बँकेबरोबर, १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, आणि पुढे बदली होऊन काका थेट बडोद्यात येऊन पडले. मी बेळगावची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "ऊट आयता?" म्हणून सुरुवात झाली, आणि मग काय विचारता! दांडिया बाजारातल्या वाड्यात कन्नड गप्पा रंगल्या. दाजी आणि भाची तोंडाकडे बघत राहिले. ताईला मात्र सगळे कळत होते.

घरातला वाद काकांच्या कानावर होताच. ते म्हणाले, "डॉक्टर मोठा की बँकवाला, हे कशाला भांडता? आमच्याकडे एकच माणूस दोन्ही झाला." ते सांगत होते ते डॉ. टी. एम. ए. पै यांच्याबद्दल. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेऊन आलेला हा डॉक्टर. १९२५ साली उडुपीला त्यांनी, भाऊ उपेंद्र पै आणि वामन कुडवा यांच्या साथीने, पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेली संस्था काढली. १९२८ मध्ये रोजचे दोन-दोन आणे दारात येऊन गोळा करणारी ठेव सुरू केली, तीच पिग्मी. आपल्याकडे दुकानदार, भाजीवाली, शिंपी, कुणालाही विचारा, पिग्मी ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. पण तिची सुरुवात एका डॉक्टरने केली, हे मलाही इतके दिवस लक्षात आले नव्हते. याच डॉक्टरांनी १९५३ साली मणिपालला कस्तुरबा मेडिकल कॉलेज काढले. पैशाचे काम आणि औषधाचे काम त्यांनी वेगळे मानलेच नाही. ती सिंडिकेट बँकही १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. नावे गेली, पिग्मी राहिली.

बोलता बोलता काका म्हणाले, "एक मात्र खरं. हासिगे इद्दष्टु कालु चाचु."

"आमच्यातही हेच म्हणतात," मी हसून म्हटले, "अंथरूण पाहून पाय पसरावे."

ताई चहाचे कप गोळा करीत होती. ती थांबली आणि शांतपणे कन्नडमध्येच म्हणाली, "अंथरूण सगळ्या पोरांना सारखंच असतं का हो, काका?" आणि आत निघून गेली.

दाजींना आणि भाचीला कन्नड कळले नाही. काकांना संदर्भ कळला नाही. मला दोन्ही कळले, आणि घशात चहा अडकला.

गोष्ट १९९४ ची. ताई पीयूसी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाली होती. कर्नाटकात सीईटीने प्रवेश सुरू झाले ते त्याच वर्षी. फ्री सीट आणि पेमेंट सीट हे शब्द तेव्हा घरोघरी नवे होते. ताईला डेंटलची जागा मिळाली, पण पेमेंटची. बाबा प्राथमिक शिक्षक. ती फी त्यांच्या वर्षाच्या पगारात बसणारी नव्हती. घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलले नाही. आईने पिग्मीचे पासबुक काढून बाबांपुढे ठेवले, त्यात दोन हजारही नव्हते. बाबा म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावे. ताईने बी.कॉम.ला नाव घातले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात घडली असेल. पण तीन वर्षांनी माझ्या धाकट्या भावाच्या... नव्हे, ताईहून लहान आणि माझ्याहून मोठ्या भावाच्या इंजिनिअरिंगसाठी बाबांनी सोसायटीचे कर्ज काढले. तेव्हा अंथरुणाला ठिगळ जोडता आले. ताई तेव्हा एका पतसंस्थेत कारकुनी करीत होती, आणि त्या कर्जाचे काही हप्ते तिच्या पगारातून गेले. मीही धारवाडला एम.ए. केले ते त्याच घरातून, त्याच पगाराच्या आधाराने. ताई याबद्दल कधी एक शब्द बोलली नव्हती. आणि मीही कधी विचारले नव्हते. न विचारणे सोयीचे होते.

त्या रात्री मी तिच्याजवळ बसले. तिने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. १९९४ चे जागा मिळाल्याचे पत्र. घड्यांवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेली. "मला स्वतःसाठी काही नको गं," ती म्हणाली. "एकदा या घरात नावाच्या आधी डॉक्टर लागलेलं बघायचं होतं. घर तारण ठेवावं लागलं तरी चालेल. या खेपेला पैशामुळे 'नाही' म्हणायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं."

मी काय बोलणार? ज्या वकिलाला फीच आधी मिळून गेलेली असते, त्याने बाजू कुणाची घ्यायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मला फिरायला घेऊन गेली. सयाजी हॉस्पिटलवरून पुढे जाऊन आम्ही विश्वामित्रीचा पूल ओलांडला. पुलावर थांबून तिने मला मगर दाखवायचा प्रयत्न केला, मगर काही दिसली नाही. काळ्या घोड्यापाशी आलो. घोड्यावर सयाजीराव महाराज. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा मुलगा बारा वर्षांचा असताना १८७५ साली इथे दत्तक आला. तीन मुलांना विचारले, कशासाठी आलात, तेव्हा यानेच 'राज्य करायला' असे सांगितले, अशी कथा बडोद्यात अजून सांगतात. पुढे याच राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली. पलीकडे विद्यापीठाचा मोठा घुमट दिसत होता. हे विद्यापीठ १९४९ चे, बडोद्याचे मेडिकल कॉलेजही १९४९ चे, आणि सीएंची संस्था देशात उभी राहिली तीही १ जुलै १९४९ ला. दंतवैद्यांचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा. जणू पाठोपाठची भावंडेच. मी हे सगळे तिला सांगत होते, कारण खरे बोलायचे ते बोलायला धीर होत नव्हता.

तिनेच सुरुवात केली. "मावशी, तुम्ही रात्री तो कागद बघत होता ना?"

मी चमकले.

"मी दहा वर्षांची असताना ट्रंकेत बघितलाय. म्हणूनच तर बायोलॉजी घेतलं. म्हणूनच नीट दिली, दोन वर्षं मनापासून अभ्यास केला. पण मला ते आवडत नाही, मावशी. गल्लीच्या गणपतीचे हिशेब मी तीन वर्षं ठेवते. मागच्या वर्षी साडेतीनशे रुपये जुळत नव्हते, रात्री एक वाजेपर्यंत बसले आणि पावत्यांतली चूक शोधली. तेव्हा जे वाटलं ना, ते बायोलॉजीत एकदाही वाटलं नाही. आई म्हणते पैशासाठी 'नाही' म्हणू नकोस. मी पैशासाठी नाही म्हणतच नाहीये. पण हे सांगितलं की तिला वाटतं, मी तिची कीव करून खोटं बोलतेय."

मी तिला सीएच्या निकालांचे आकडे सांगितले, घाबरवायला म्हणूनच सांगितले. अकरावीपासून गणित सुटलेले आहे, याची आठवण दिली. ती म्हणाली, "माहीत आहे. पडले तर माझ्या पायानं पडेन."

घोड्यावरच्या महाराजांकडे माझे लक्ष गेले. मुलाला कशासाठी आलास विचारणारे कुणीतरी हवे, तसेच त्याचे उत्तर ऐकणारेही हवे.

घरी आल्यावर मी ताईला एवढेच म्हटले, "तू एकदा तिला विचार. तिच्यापुढे माझी वकिली नको आणि तुझा कागदही नको." तो दिवस होता १ जुलै. टीव्हीवर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या तसबिरीला हार घातलेला दाखवत होते, त्यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन एकच, म्हणून तो डॉक्टर्स डे. दाजी म्हणाले, "आज सीएंचाही दिवस असतो." कुणी हसले नाही.

मायलेकी आत अर्धा तास बोलत होत्या. दार लोटलेले होते. एकच वाक्य बाहेर ऐकू आले, भाचीचे : "आई, तुझी जागा तुझीच होती. ती मी भरू शकत नाही." नंतर बराच वेळ काही ऐकू आले नाही. ताई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. तिने पोळ्यांना कणीक मळायला घेतली आणि पाठमोरीच दाजींना म्हणाली, "त्या दुसऱ्या पानावर क्लासची फी किती लिहिलीय?"

सगळे सुरळीत झाले, असे समजू नका. दोन दिवस ताई कुणाशी धड बोलली नाही. दाजी सुटल्यासारखे दिसत होते आणि तसे दिसल्याबद्दल अपराधीही. मी निघाले त्या दिवशी स्टेशनवर ताई म्हणाली, "मी चूक केली का गं?" मी म्हटले, "चूक तुझी नव्हती, तेव्हाही नाही." आणि मग तीस वर्षे उशिरा म्हणाले, "आम्ही कुणी विचारलंच नाही तुला." तिने माझ्या पिशवीत लीलो चिवड्याचे आणखी एक पाकीट कोंबले. आमच्या घरात माफी अशीच स्वीकारतात.

भाचीने फाउंडेशनची नोंदणी केली. अकाउंट्स तिला अगदी नवा. क्लासमध्ये शिकवलेले डोक्यात शिरेना, तेव्हा एका रात्री ताई चष्मा लावून शेजारी बसली. "हे आण इकडे. नावे काय, जमा काय, आधी तेवढं समजून घे." तीस वर्षांपूर्वीचे बी.कॉम. आणि पतसंस्थेतली सात वर्षे. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, सगळे तिच्या बोटांवर होते. उरलेसुरले म्हणून घेतलेले ते शिक्षण तिने इतकी वर्षे कुठे मोजलेच नव्हते. दाजी फोनवर सांगत होते, "रोज रात्री दोघींचा क्लास चालतो. मला आत यायलाही बंदी."

जानेवारीच्या परीक्षेत भाची कायद्याच्या पेपरात चार गुणांनी राहिली. अकाउंट्समध्ये मात्र सर्वांत जास्त गुण. मला वाटले, आता ताईचा फोन येणार आणि ती म्हणणार, बघ, मी सांगत होते. फोन आला. ती म्हणाली, "पुन्हा बसणार आहे. चार मार्कांनी काय होतंय?"

आता व्हरांड्यात पालक आले, की मी त्यांना लगेच उत्तर देत नाही. आधी मुलीला विचारते, आणि जमले तर तिच्या आईलाही विचारते : तुम्हाला काय व्हायचे होते? पुष्कळ जणी हसून टाळतात. एखादी मात्र थांबते, इकडेतिकडे बघते आणि सांगू लागते. मराठीत किंवा कन्नडमध्ये.